अहवाल नामंजूर करणारे यंत्र

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास मला एक पत्र आले. पत्र म्हणजे अर्थात् ई-मेल. लिहिणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, साताऱ्याकडचा. मजकूर दोनतीन ओळींचाच होता : "सर, एकशे साठ प्रवासी सुखरूप उतरवले. तरी यंत्राने माझा अहवाल नामंजूर केला. माझं काय चुकलं, ते सांगाल का?"

तुम्ही म्हणाल, हा मुलगा वैमानिक आहे की काय? नाही. निदान अजून तरी नाही. त्याचे विमान खरे नव्हते आणि ते एकशे साठ प्रवासीही खरे नव्हते. पण संगणकापुढे बसून त्याने घालवलेले तीन तास खरे होते, आणि त्याला झालेले दुःखही खरे होते. शिवाय ज्या यंत्राने त्याला नापास केले, त्या यंत्राला नियम शिकवणारा मास्तर मीच होतो. म्हणून ही हकिकत सांगायची ती मीच सांगितली पाहिजे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते थोडक्यात सांगतो. घरच्या संगणकावर विमान चालवण्याचा खेळ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर पहिल्यांदा १९८२ साली बाजारात आला, तेव्हा पडद्यावर चार रेघा आणि दोन रंग यांपलीकडे फारसे काही नसे. आज त्याच खेळात खरी भूमी दिसते, आणि बाहेर मंगळूरला पाऊस पडत असेल तर पडद्यावरच्या मंगळूरलाही पाऊस पडतो. विमानातली बटणे, इंधनाचा हिशेब, वाऱ्याचा जोर, सगळे खऱ्यासारखे. तेव्हा याला खेळ म्हणावे की अभ्यास म्हणावे, याचा निर्णय मी अजून केलेला नाही. आमच्या घरात मात्र तो केव्हाच झालेला आहे. "जेवायला या, नाहीतर तुमचं विमान इथंच उतरवते," हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो.

आता एकट्याने किती उडायचे? माणसाला सोबत लागते, शिस्त लागते, कोणीतरी पाठ थोपटावी असे वाटते. म्हणून हौशी मंडळी एकत्र येऊन आभासी विमान कंपनी काढतात. व्हर्च्युअल एअरलाइन. तिला वेळापत्रक असते, मार्ग असतात, विमानांचा ताफा असतो. नवा सभासद शिकाऊ म्हणून लागतो, आणि उड्डाणाचे तास जमतील तसा त्याचा हुद्दा वाढत जातो. पगार नाही, भाडे नाही, आणि फायदा तर नाहीच नाही. पण आपल्या नावापुढे पाचशे तास लागले म्हणजे माणसाला जो आनंद होतो, तो पगारवाढीहून फारसा वेगळा नसतो.

हे तास मोजायचे कसे? त्यासाठी सिम्युलेटरच्या शेजारी एक छोटा प्रोग्रॅम चालू असतो. इंजिन केव्हा सुरू झाले, इंधन किती होते, किती उंचीवर किती वेग होता, चाके जमिनीला केव्हा आणि किती जोराने टेकली, हे सारे तो टिपून ठेवतो. उड्डाण संपले की त्याचा अहवाल कंपनीकडे जातो. या अहवालाला आमच्यात 'पायरेप' म्हणतात. खऱ्या विमानसेवेत हा शब्द वैमानिकाने वाटेतल्या हवामानाबद्दल दिलेल्या खबरीसाठी वापरतात; आमच्या हौशी जगात त्याचा अर्थ संपूर्ण उड्डाणाचा अहवाल असा झाला. अहवाल मंजूर झाला तर तास मिळतात. नामंजूर झाला तर तीन तास पाण्यात.

सुरुवातीला हे अहवाल मी स्वतः वाचत असे. कॉलेजातून आल्यावर चहा घ्यायचा आणि अहवाल उघडायचे. दिवसाला पाचसहा असत तोवर मजा वाटली. पुढे चाळीस-पन्नास येऊ लागले. परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचा एक गठ्ठा आणि अहवालांचा दुसरा, असे दोन ढीग माझी वाट पाहत बसत. तेवढ्यात लबाडीही सुरू झाली. सिम्युलेटरमध्ये काळाची गती चौपट करता येते. एकाने आठ तासांचे उड्डाण दोन तासांत उरकून पूर्ण आठ तास मागितले. दुसऱ्याने विमान आकाशातून हाताने उचलून ठेवावे तसे थेट मुक्कामी नेऊन ठेवले. तीही सोय त्या खेळात असते. तेव्हा आमच्या मंडळींनी ठरवले की, अहवाल तपासण्याचे काम यंत्रावर सोपवावे. मी तर्कशास्त्र शिकवतो, सबब नियम लिहिण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

मी अकरा नियम लिहिले. ठरलेल्या विमानतळाखेरीज दुसरीकडे उतरला, नामंजूर. हवेत असताना इंधन वाढले, नामंजूर. काळाची गती वाढवली, नामंजूर. दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉटच्या वर गेला, नामंजूर. टेकताना विमान मिनिटाला ६०० फुटांहून जास्त वेगाने खाली येत असले, नामंजूर. आणि टेकणे जितके हलके तितके गुण जास्त. असे सगळे. नियम लिहून झाल्यावर मला मोठे समाधान वाटले. प्रत्येक नियम एका ओळीचा, संदिग्धता कुठे नाही. वर्गात मी मुलांना सांगतो तसे : हेतू आला की निष्कर्ष आलाच.

आणि पंधरा दिवसांत त्या मुलाचे पत्र आले.

मी त्याचा अहवाल उघडला. मुंबईहून मंगळूरला निघालेले विमान. मंगळूरचा विमानतळ डोंगरमाथ्यावर सपाट केलेल्या जागेत आहे. धावपट्टी साधारण ८,००० फुटांची, आणि पुढे दरी. बाहेर जोराचा पाऊस होता. मुलाने एकदा उतरण्याचा प्रयत्न केला. धावपट्टी वेळेवर दिसली नाही, तेव्हा इंजिने वाढवून तो पुन्हा वर गेला. यालाच गो-अराउंड म्हणतात. दुसऱ्यांदा आला, पुन्हा वर गेला. मग इंधनाचा हिशेब करून त्याने विमान बंगळूरला वळवले आणि तिथे व्यवस्थित उतरवले. यंत्राने काय पाहिले? ठरलेला विमानतळ मंगळूर, प्रत्यक्ष उतरला बंगळूरला. नियम पहिला. नामंजूर.

खरे सांगायचे तर त्याच वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण रात्र झाली होती, सकाळी आठचा तास होता, आणि नियम मी स्वतः लिहिलेले होते. मी उत्तर लिहिले : "नियम सर्वांना सारखा. पुढच्या वेळी ठरल्या ठिकाणी उतरावे." पाठवले, आणि झोपलो.

दोन आठवड्यांनी पुन्हा पत्र आले. "सर, या वेळी परत फिरलो नाही. मंगळूरलाच उतरलो. शंभरपैकी शंभर मिळाले."

त्या 'परत फिरलो नाही' या शब्दांनी मी चमकलो. अहवाल उघडला. तसाच पाऊस, तीच धावपट्टी. विमान वेगात आणि उंचावरून आले होते. मुलाने ते अलगद टेकवण्यासाठी धावपट्टीवरून बराच वेळ तरंगत ठेवले, आणि चाके टेकली तेव्हा निम्म्याहून अधिक धावपट्टी मागे पडली होती. टेकणे मात्र फुलासारखे, मिनिटाला ९० फूट. शेवटी विमान थांबले ते धावपट्टीच्या टोकाशी. यंत्राने पाहिले : विमानतळ बरोबर, टेकणे हलके, इंधन ठीक. शाबास!

मंगळूरच्या त्याच डोंगरावर २२ मे २०१० रोजी काय झाले, ते तुम्हांपैकी अनेकांना आठवत असेल. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीवर फार पुढे, सुरुवातीपासून सुमारे ५,२०० फुटांवर टेकले, आणि टोक ओलांडून दरीत गेले. १६६ माणसांपैकी १५८ गेली. सहवैमानिकाने गो-अराउंड करा असे पुन्हा पुन्हा म्हटले होते, हे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. नंतर ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला, तशाच डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर, पावसात एक विमान असेच बरेच पुढे टेकून खाली कोसळले; त्यात २१ माणसे गेली. दोन्ही ठिकाणी करायला हवी होती ती गोष्ट एकच : पुन्हा वर जाणे, आणि जमत नसेल तर दुसरीकडे उतरणे. ही गोष्ट माझ्या साताऱ्याच्या मुलाने पहिल्या खेपेस आपण होऊन केली होती. मी त्याला तीबद्दल नापास केले, आणि दुसऱ्या खेपेस नेमके उलट केल्याबद्दल पैकीच्या पैकी गुण दिले.

तुम्ही म्हणाल, खेळच तो; एवढे मनाला लावून कशाला घ्यायचे? पण हा मुलगा पुढे वैमानिकाच्या प्रशिक्षणाला जाणार होता. प्रवेशाची तयारी चाललेली होती. माणूस जिथे गुण मिळतात तिकडे वळतो, हे आम्हा मास्तरांइतके कोणाला ठाऊक असणार? प्रश्नपत्रिकेत जे येते तेच विद्यार्थी वाचतो. मी नियम लिहिले असे मला वाटत होते. वस्तुतः मी एक अभ्यासक्रम लिहिला होता, आणि तो चुकीचा होता.

त्या रविवारी मी अकराही नियम पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलो. या वेळी प्रत्येक नियमाला एक प्रश्न विचारला : हा नियम मोडला, यावरून काय सिद्ध होते?

काही नियम मोडले तर एवढे सिद्ध होते की, सांगितलेले उड्डाण झालेलेच नाही. काळाची गती चौपट केली, विमान उचलून नेऊन ठेवले, हवेत इंधन वाढले, नेमलेल्या विमानाऐवजी भलतेच विमान वापरले. इथे प्रश्न कौशल्याचा नाही, खऱ्याखोट्याचा आहे. असले अहवाल यंत्राने खुशाल नामंजूर करावेत. तरीही थोडी सवड ठेवावी लागते. इंधनाच्या आकड्यात काही विमानांत दोनचार किलोंचा चढउतार आपोआप होतो. तेव्हा वाढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तरच हरकत घ्यायची. खेळ मध्येच थांबवला म्हणून नामंजूर करू नये; दारावर कोणी येते, आई हाक मारते. थांबलेला वेळ तासांतून वजा केला की झाले. आणि वीज गेली तर काय? संगणक पुन्हा सुरू करून माणूस जिथून सोडले तिथून पुढे निघतो, आणि यंत्राला वाटते की विमानाने उडी मारली. आपल्याकडे पावसाळ्यात हे नेहमीचेच. असा अहवाल फेटाळायचा नाही, माणसाकडे पाठवायचा.

दुसरे नियम कौशल्याचे. वेग जास्त झाला, टेकणे जड झाले. यावरून उड्डाण खोटे ठरत नाही. वैमानिकाला अजून शिकायचे आहे एवढेच ठरते. इथे गुण कापावेत, पण नामंजुरी सहसा करू नये. शिवाय आकडा कुठून आला हे आपल्याला सांगता आले पाहिजे. मिनिटाला ६०० फूट हा आकडा मी इतरांचे पाहून घातला होता. नंतर शोधले तेव्हा कळले की, त्यामागे खरोखरच कारण आहे. अमेरिकेतील विमानरचनेच्या नियमांप्रमाणे मोठे प्रवासी विमान उतरण्याच्या कमाल वजनाला सेकंदाला १० फूट, म्हणजे मिनिटाला ६०० फूट, इतक्या वेगाने टेकले तरी त्याच्या सांगाड्याने ते सोसले पाहिजे. उड्डाणाच्या कमाल वजनाला हीच मर्यादा सेकंदाला ६ फूट, म्हणजे मिनिटाला ३६० फूट आहे. म्हणजे ६०० ही सोसण्याची परिसीमा झाली. चांगले उतरणे म्हणजे काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

आणि फार हलके टेकणे हा तर गुणच नव्हे! ओल्या धावपट्टीवर विमान जरा ठामपणे टेकवावे, असे वैमानिकांना शिकवतात. चाकांनी पाण्याचा थर फोडून जमीन धरली पाहिजे, म्हणजे ब्रेक वेळेवर लागतात. तेव्हा मी 'जितके हलके तितके गुण' हा नियम काढून टाकला. १०० आणि ३०० यांत आता फरक करीत नाही. त्याऐवजी विमान कुठे टेकले हे पाहतो. धावपट्टीचा पहिला तिसरा हिस्सा किंवा पहिले ३,००० फूट, यांत जे कमी असेल त्याच्या आत टेकावे, हा खऱ्या विमानसेवेतला ढोबळ दंडक आहे. टेकल्या जागेचे अक्षांश-रेखांश यंत्राजवळ पहिल्यापासून होते, पण ते विचारायचे मला सुचले नव्हते.

दहा हजार फुटांखाली २५० नॉट ही मर्यादाही तशीच. अनेक देशांत ती आहे, पण ती दगडावरची रेघ नाही. अवजड विमानाला कधी सुरक्षिततेसाठीच जास्त वेग लागतो, कधी नियंत्रक सूट देतो. वाऱ्याच्या एका झोताने काटा क्षणभर २५३ वर गेला, तर त्यात वैमानिकाचा काय अपराध? म्हणून आता पाच नॉटांची आणि दहा सेकंदांची सवड आहे. ती संपली की गुण जातात, अहवाल जात नाही.

तिसरे नियम निर्णयाचे, आणि इथे यंत्राला हात लावू द्यायचा नाही. गो-अराउंड केला, दुसऱ्या विमानतळावर उतरला, वाटेतून परतला. यात हुशारी होती की आळस, हे आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या वेळचे हवामान पाहावे लागते, इंधन पाहावे लागते, आणि मुख्य म्हणजे वैमानिकाला विचारावे लागते. असे अहवाल यंत्र आता बाजूला काढून माझ्यापुढे ठेवते. दिवसाला दोनतीन निघतात. तेवढे वाचायला मला वेळ आहे. गो-अराउंडचे गुण तर आम्ही कधीच कापत नाही.

खऱ्या विमान कंपन्यांतही उड्डाणाची नोंद यंत्र तपासतेच, बरं का. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे १ जानेवारी २००५ पासून २७,००० किलोंहून जड विमाने चालवणाऱ्या कंपन्यांना अशी तपासणी ठेवावी लागते. पण त्या नियमांतच असेही सांगितले आहे की, ही तपासणी दंड करण्यासाठी असू नये. माहिती गोळा करायची ती शिकण्यासाठी. वैमानिक घाबरला की तो यंत्राला खूष ठेवू पाहतो, आणि यंत्र खूष असणे म्हणजे विमान सुरक्षित असणे नव्हे.

तुमच्यापैकी कोणी अशी कंपनी चालवीत असेल, किंवा विमानांशी काही संबंध नसला तरी हजेरीचे, अर्जांचे, हिशेबांचे असे आपोआप नाकारणारे नियम यंत्राला शिकवीत असेल, तर आणखी दोन गोष्टी सांगतो. नवा नियम घातला की एक महिना त्याला नुसते पाहू द्या, बोलू देऊ नका. म्हणजे यंत्राने कोणाला नाकारले असते याची फक्त यादी करा, आणि ती यादी स्वतः वाचा. मी जुन्या अहवालांवर माझे पहिले अकरा नियम असे चालवून पाहिले, तेव्हा हवामानामुळे विमान वळवणारी शहाणी माणसेच त्यात सर्वांत जास्त निघाली. हे काम आधी केले असते तर पुढचे टळले असते.

दुसरी गोष्ट नकाराच्या शब्दांची. आमच्या यंत्राचा निरोप 'अहवाल नामंजूर' एवढाच असे. आता तो कोणता नियम, कितव्या मिनिटाला, आकडा किती आणि मर्यादा किती, हे सांगतो. आणि खाली लिहितो, 'हे चुकीचे वाटत असल्यास कळवा, माणूस पाहील.' आम्ही विद्यापीठात उत्तरपत्रिकेची फेरतपासणी ठेवतो ती काय परीक्षक मूर्ख असतो म्हणून? नाही. परीक्षक थकतो म्हणून. यंत्र थकत नाही. पण नियम लिहिणारा थकलेला असू शकतो, आणि त्या रात्रीची त्याची झोप यंत्र पुढे वर्षानुवर्षे जपून ठेवते.

त्या मुलाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. नवे नियम लागू केले त्या दिवशी मी त्याचा तो पहिला अहवाल पुन्हा काढला. 'नामंजूर' खोडून 'मंजूर' केले आणि शेऱ्याच्या जागी लिहिले : "दोन वेळा वर जाण्याचा आणि बंगळूरला वळण्याचा निर्णय योग्य. दुसऱ्या उड्डाणात मंगळूरला उतरणे अयोग्य. त्याचा दोष नियम लिहिणाराकडे." दुसऱ्या अहवालाचे शंभर गुण मी काढून घेतले नाहीत. ते माझे होते, त्याचे नव्हते.

त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. "सर, मला दुसऱ्या वेळी भीती वाटत होती. पण आपण लिहिलं होतं, ठरल्या ठिकाणीच उतरावं."

ते पत्र मी जपून ठेवले आहे. नवा नियम लिहायला बसलो की आधी ते वाचतो.